हजेरीची वही

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी भाचीला तिच्या कॉलेजच्या वसतिगृहात पोचवायला गेले होते. धाकटा भाऊ तिला घेऊन मंगळवेढ्याहून रात्रीच्या एसटीने पुण्यात आला होता. दोन बॅगा, सुतळीने आवळलेली गादी, प्लॅस्टिकची बादली, बादलीत मग, मगात कपडे वाळत घालायचे चिमटे, आणि वेगळ्या पिशवीत तिच्या आईने दिलेल्या कडक भाकऱ्या नि शेंगाची चटणी. मी पुण्यातच राहते, त्यामुळे फॉर्मवर ‘स्थानिक पालक’ या रकान्यात माझं नाव, माझी सही.

ऑफिसात नियमांचा छापील कागद मिळाला. सतरा नियम होते. इस्त्री, किटली, इंडक्शन खोलीत चालणार नाही. रात्री दहानंतर आवाज नको. पाहुण्यांना खालच्या हॉलपर्यंतच परवानगी. गावी जायचं तर पालकांच्या संमतीचा अर्ज दोन दिवस आधी. ताटात अन्न टाकायचं नाही. रात्री साडेआठला गेट बंद, पावणेनऊला हजेरी. भाचीने कागद उलटासुलटा करून सही ठोकली. भावाने मात्र सगळा कागद बोट ठेवून वाचला आणि एकच प्रश्न विचारला, “मॅडम, साडेआठ म्हंजे साडेआठलाच ना?” रेक्टर मॅडम हो म्हणाल्या, तसा त्याच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. भाचीने माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक प्रश्न होता, आणि तिथं उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येण्यासारखं नव्हतं. तेव्हापासून तो प्रश्न माझ्यासोबत आहे.

मी स्वतः वसतिगृहात राहायला गेले ते १९८७ साली, कोल्हापुरात. लोखंडी ट्रंकेवर आणि बादलीवर वडिलांनी ऑइलपेंटने माझं नाव घातलं होतं, बुडाला वाटोळं, म्हणजे हरवली तरी ओळखू यावी. पहिल्या संध्याकाळी आठ वाजता घंटा झाली आणि आम्ही सगळ्या जिन्याखालच्या व्हरांड्यात येऊन उभ्या राहिलो. वसतिगृहाच्या बाईंनी लाल कापडी बांधणीची लांबट वही उघडली आणि नंबर वाचायला सुरुवात केली. माझा नंबर एकसष्ट. बाईंनी तो दोनदा पुकारला तरी मी गप्पच, कारण ही हाक मला आहे हेच ध्यानात आलं नाही. शेजारच्या मुलीने कोपराने ढोसलं तेव्हा ‘हजर’ म्हणाले. वर येऊन उशीत तोंड खुपसलं आणि रडले. तोवर मला तीन नावं होती. आजी एकाने हाक मारायची, आई दुसऱ्याने, शाळेत तिसरं. इथं गोठ्यात परतलेली गुरं मोजावीत तशी मोजणी चालली आहे, असं त्या रात्री वाटलं होतं.

बाकीचे नियम मला अंगवळणी पडले ते कागदावरून नाही, बादलीवरून. खालच्या मोरीत तांब्याचा मोठा बंब होता. पहाटे पाचला पेटायचा, सातला विझायचा. तेवढ्या वेळात साठ-सत्तर मुलींनी गरम पाणी घ्यायचं. म्हणून रात्री झोपतानाच बादल्या रांगेत लावून ठेवायच्या. या रांगेचा नियम कुठंही लिहिलेला नव्हता आणि तो सगळ्यांत कडक होता. दुसरीची बादली सरकवायची नाही. ती झोपून राहिली तर तिची बादली आपण भरायची आणि भिंतीकडे ठेवायची, आपलं पाणी मागून घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात मी एकीची बादली सरकवून माझी पुढं लावली. कुणी भांडलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठले, तेव्हा माझी बादली काठोकाठ भरून भिंतीला लावलेली होती. जिची मी सरकवली होती तिनेच भरली होती, हे मला नंतर कळलं. त्यानंतर चार वर्षं मी कुणाच्या बादलीला हात लावला नाही.

आता बंब गेले. गच्चीवर सोलर असतं आणि श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडलं नाही की नळाला कोमटसुद्धा पाणी येत नाही. पण वाटणी अजून करावीच लागते. भाचीच्या खोलीत तिघी आहेत आणि चार्जिंगचा बोर्ड एक. एक पार्टनर शहाद्याकडची, घरी अहिराणी बोलणारी. दुसरी रत्नागिरीकडची, भात नसला तर जेवल्यासारखं न वाटणारी. ही आमची भाकरीवाली. पहिल्या पंधरवड्यात तिघींचे तीन गजर, पहाटे पाच, साडेपाच, सहा. जिचा गजर ती झोपलेली आणि बाकी दोघी जाग्या. एक रोज आईशी स्पीकरवर बोलायची, दुसरीला दिवा घालवल्याशिवाय झोप यायची नाही, तिसरीचा अभ्यास अकरानंतरच सुरू. भाची फोनवर सांगायची आणि रडकुंडीला यायची, “आत्ती, मला सिंगल रूम मिळंल का बघ ना.” मी बघितलं नाही. मिळत असती तरी बघितली नसती. घरात आपण झोपलो की आई दार लोटून घेते, बाबा टीव्ही बारीक करतात, आणि दुसऱ्याच्या झोपेसाठी कुणीतरी काहीतरी करतं आहे हे आपल्याला दिसतही नाही. ते करणारं माणूस आपण पहिल्यांदा होतो ते वसतिगृहात. आमच्या वेळी खोलीत एकच बल्ब होता. वर्तमानपत्राचा कोन करून त्यावर टाचणीने बसवायचा, म्हणजे उजेड एकाच वहीवर पडायचा आणि बाकी खोली अंधारात राहायची. कागद तापून पिवळा पडायचा, दर दोन दिवसांनी बदलावा लागायचा. तो बदलायचं काम जिला जागायचं असेल तिचं. भाचीच्या खोलीत आता एकीनं टेबलावर चिमट्यानं लावायचा छोटा दिवा आणला आहे, आणि गजर उशीखाली थरथरणारा ठेवायचा असं ठरलं आहे. हे ठरवायला त्यांना एकोणीस दिवस लागले. मला हे फार मोठं काम वाटतं.

अशा नियमांबद्दल मला काही वाद घालायचा नाही. एका नळावर अनेकांनी राहायचं तर ते लागतातच, आणि ते नीट पाळणाऱ्या मुलीला पुढं कुठल्याही घरात, कचेरीत, आगगाडीच्या डब्यात राहता येतं. इस्त्री-किटलीचा नियमही तसाच. जुन्या इमारतीच्या वायरिंगवर चाळीस किटल्या एकदम लागल्या तर काय होईल, हे समजायला विजेचं शास्त्र लागत नाही. माझं मन अडकतं ते हजेरीच्या वहीपाशी.

त्या वहीवरचा माझा राग गेला तो नोव्हेंबरात. दिवाळीची सुट्टी संपली होती, पण माझ्या दोन्ही पार्टनर अजून गावाहून आल्या नव्हत्या. मला दोन दिवस ताप होता. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगायला खोलीत कुणी नव्हतं आणि कॉलेजात मला फारसं कुणी ओळखत नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी घंटा ऐकू आली, उठायचा प्रयत्न केला आणि कॉटवरच बसले. खाली नंबर पुकारले जात होते. माझा झाला असावा. हजेरी संपल्याची गडबड झाली, मग शांतता, मग जिन्यावर चपला वाजल्या. बाई दारात उभ्या होत्या, वही काखेत. “एकसष्ट का आली नाही?” एवढंच म्हणाल्या आणि मग माझ्या कपाळाला हात लावला. त्या रात्री त्या मला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेल्या. विषमज्वर निघाला. आठ दिवसांनी वडील आले तेव्हा बाईंनी त्यांच्यासमोर मला रागावून सांगितलं, की अंगात ताप असताना गप्प बसणं हासुद्धा नियमभंग आहे. नंबराने का होईना, या शहरात मला कुणीतरी रोज संध्याकाळी शोधत होतं. मी नाही हे त्या वहीमुळे अर्ध्या तासात कळलं.

ही गोष्ट मी भावाला कधी सांगितली नव्हती. त्या रविवारी भाची वर सामान लावत होती आणि आम्ही दोघं गेटजवळच्या कट्ट्यावर बसलो होतो, तेव्हा सांगितली. तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “अक्का, मी चार दिवस कावीळ घेऊन पडलो होतो, म्हाईत हाय तुला?” मला माहीत नव्हतं. तो शिकायला दुसऱ्या शहरात होता, मुलांच्या वसतिगृहात, तिसऱ्या मजल्यावर. परीक्षेआधीची सुट्टी, मजला रिकामा. मेसचे पैसे थकले म्हणून मेसमधला पोरगा चौथ्या दिवशी दार वाजवायला आला, त्याने याचे पिवळे डोळे बघितले आणि तो धावत खाली गेला. “आम्हाला गेट नव्हतं न् वही नव्हती. रात्री दोनला या, न्हायतर येऊच नका.” इतकी वर्षं त्याच वसतिगृहाच्या मोकळेपणाच्या गोष्टी त्याने आम्हाला रंगवून सांगितल्या होत्या. ही त्यातली एक गाळलेली होती.

म्हणजे मला मोजत होते आणि कोंडतही होते. त्याला कोंडत नव्हते आणि मोजतही नव्हते. मोजणं आणि कोंडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपण त्या एकाच वहीत, एकाच वेळेला, एकाच सहीखाली बांधून टाकल्या आहेत. मुलींचा जीव जपायचा म्हणून गेट, आणि मुलगे मोकळे म्हणून त्यांच्या जिवाची चौकशीही नाही. माझ्या भावाला गेट नको होतं, वही हवी होती. माझ्या भाचीलाही तेच हवं आहे, फक्त तिला ते अजून शब्दांत सांगता येत नाही.

वसतिगृहाचे नियम कुणासाठी नि कशासाठी असतात हे कोल्हापुराला फार पूर्वीपासून माहीत आहे. शाहू महाराजांनी १९०१ मध्ये मराठा विद्यार्थ्यांसाठी व्हिक्टोरिया बोर्डिंग सुरू करवलं, मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघालं. खेड्यातल्या मुलाला शाळा मिळते, पण शाळेच्या गावात रात्री पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचं जेवण मिळत नाही, म्हणून तो शिकत नाही, ही गोष्ट महाराजांनी ओळखली होती. त्याच जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचा एक मुलगा राहत होता, भाऊराव पाटील. मिस क्लार्क वसतिगृहाच्या उद्घाटनाला तो गेला. परत आल्यावर आंघोळ करून शुद्ध हो असं त्याला सांगण्यात आलं, त्याने नकार दिला आणि बोर्डिंगमधून त्याला बाहेर पडावं लागलं, अशी हकिगत त्यांच्या चरित्रांत येते. मला त्या मुलाचा नेहमी विचार येतो. वय विशी-एकविशीचं, परगाव, बिछाना वळकटी करून हातात. एका आंघोळीचा तर प्रश्न होता. बंबात पाणीही असेल. पण तो नियम अंग स्वच्छ ठेवण्यासाठी नव्हता, दुसऱ्या माणसाला घाण ठरवण्यासाठी होता, आणि हे त्याला लख्ख कळलं होतं.

पुढं त्यांनी स्वतः वसतिगृहं काढली. १९१९ मध्ये काले या गावी रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला बस्तान हललं. तिथल्या बोर्डिंगला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते छत्रपती शाहूंचं नाव दिलं गेलं. तिथंही नियम होते, आणि सोपे नव्हते. सगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र स्वयंपाक करायचा, एका पंगतीत जेवायचं, आपल्या राहण्या-शिकण्यासाठी स्वतः राबायचं. घरोघरच्या लोकांनी नाकं मुरडली तरी हा नियम शिथिल झाला नाही. धान्य संपलं तेव्हा लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. मी कल्पना करते की त्याही रोज संध्याकाळी मुलं मोजत असतील. पिठात पाणी घालण्याआधी किती तोंडं आहेत हे माहीत असावंच लागतं. जेवायला किती आहेत हे विचारणारं मोजणं आणि कोण बाहेर राहिली हे पकडणारं मोजणं यांत फरक आहे, आणि मुलांना तो फरक कळतो. आवाजावरूनच कळतो.

मुलींच्या वसतिगृहाच्या भिंतीचाही असाच मूळ अर्थ होता असं मला वाटतं. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी अनाथ बालिकाश्रम काढला आणि १९०० मध्ये तो पुण्याबाहेर हिंगण्याला नेला. शहरातल्या लोकांच्या तोंडापासून दूर, माळावरच्या एका झोपडीत. तिथं कुंपण असेल तर ते बाहेरच्या जगाला आत येऊ न देण्यासाठी होतं, म्हणजे आतल्या बाईला पुस्तक उघडता यावं. तीच भिंत आज अनेक ठिकाणी उलट्या तोंडाने उभी आहे. आतली मुलगी बाहेर जाऊ नये म्हणून. ग्रंथालय साडेनऊपर्यंत उघडं आणि मुलींचं गेट साडेआठला बंद, ही स्थिती कितीतरी आवारांत आहे. आठ वाजले की मुलींनी पुस्तकं मिटायची. त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांवर मग मुलगे पाय लांब करून बसतात. त्यांचा त्यात दोष नाही. दिल्लीतल्या मुलींनी २०१५ मध्ये ‘पिंजरा तोड’ म्हणत याच वेळांविरुद्ध आवाज उठवला होता. आणि २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयापुढे एक प्रकरण गेलं. संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाइल वापरायचा नाही हा वसतिगृहाचा नियम एका विद्यार्थिनीने मानला नाही, म्हणून तिला वसतिगृह सोडायला लावलं होतं. न्यायालयाने इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला आणि तिला परत घ्यायला सांगितलं. त्या मुलीचं धाडस मला त्या नकार दिलेल्या आंघोळीच्याच जातीचं वाटतं.

हे सगळं मी भाचीला फोनवर सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात मुलीला भाषण नको असतं. तिला रविवारची संध्याकाळ कशी काढायची ते हवं असतं. रविवारी रात्री मेस बंद असते. निम्म्या मुली बाहेर जेवायला जातात, ज्यांच्याकडे त्या आठवड्याचे पैसे संपलेले असतात त्या भूक नाही म्हणतात. भाचीने दोन रविवार भूक नाही म्हटलं, हे मला तिसऱ्या रविवारी कळलं. मग तिला सांगितलं, की शनिवारी मेसच्या मावशींना विचारून दोन चपात्या जादा ठेवायच्या, शेंगाच्या चटणीचा डबा कपाटात मागं न ठेवता टेबलावर ठेवायचा, आणि जी भूक नाही म्हणेल तिच्यासमोर तो उघडायचा. भाऊ आता पंधरा दिवसांनी ओळखीच्या वाहकाकडे डबा देतो आणि ही स्वारगेटला जाऊन घेते. गाडीत डब्याच्या पिशवीला तिचं नाव बांधलेलं असतं. पहिल्यांदा ते नाव बघून ती स्टँडवरच रडली. दुसऱ्यांदा पार्टनरला सोबत घेऊन गेली.

एक गोष्ट मात्र मी पहिल्याच दिवशी बजावून सांगितली होती. मोठ्या मुलींनी ओळख परेडच्या नावाखाली काही करायला लावलं, मग ते कितीही हसत-खेळत असो, आणि तुला नको वाटलं, तर तो थट्टेचा विषय नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून रॅगिंगविरोधी कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ हा देशभरासाठीचा क्रमांक आहे. तो तिने फोनमध्ये माझ्या नावाच्या खाली साठवला. तिला त्याची गरज पडली नाही. तिच्या वरच्या वर्गातल्या मुलींनी तिला झेरॉक्सचं स्वस्त दुकान, जुन्या पुस्तकांची यादी आणि कुठल्या न्हाणीघराची कडी नीट लागत नाही एवढंच शिकवलं.

वसतिगृहाच्या गेटचा प्रश्न मला लहान का वाटत नाही, याचं आणखी एक कारण आहे. २०२४-२५ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या मागास, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. एसटीत बायकांना २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे. म्हणजे मुलगी गावातून निघू शकते, वर्गात बसू शकते. मधली अडचण राहते ती राहण्याचीच, शाहू महाराजांनी ओळखली होती तीच. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध मुला-मुलींसाठी स्वाधार योजना आहे, पुण्या-मुंबईत वर्षाला साठ हजार ठरवून ती सुरू झाली. पण त्या पैशात पेठेतली किंवा उपनगरातली खोली शोधणारी मुलगी कोणत्या जिन्यावर, कोणाच्या भरवशावर राहते, हे कुठल्याच वहीत येत नाही. खासगी खोलीत गेट नसतं, आणि एकसष्ट का आली नाही असं विचारायला जिना चढून येणारं कुणी नसतं. म्हणून वसतिगृहं हवीत, पुष्कळ हवीत, आणि आपली मुलगी तिथं ठेवताना आई-बापांना बरं वाटतं तसं तिथं राहताना त्या मुलीलाही बरं वाटायला हवं.

गणपतीच्या सुट्टीनंतर भाचीचा फोन आला तो वेगळाच. शहाद्याची पार्टनर गावाहून परत आली होती, पण त्या संध्याकाळी हजेरीला नव्हती. गेटवर तिची आत आल्याची नोंद होती. रजिस्टरवर कुणीतरी तिच्या नावापुढं टिक करून टाकली, “असेल वर.” भाचीला ते पटलं नाही. तिने तिन्ही मजले पालथे घातले आणि गच्चीच्या जिन्यात ती सापडली. पहिल्या चाचणीत तीन विषय राहिले होते आणि घरी सांगायचं कसं, म्हणून दुपारपासून तिथंच बसली होती. दोघी रात्री एकपर्यंत जिन्यातच बसल्या. दहानंतर आवाज नको हा नियम पाळून, हळू बोलत. दुसऱ्या दिवशी भाची तिला घेऊन गणिताच्या सरांकडे गेली. मला हे सांगून भाची म्हणाली, “आत्ती, टिक करणाऱ्या ताईला मी बोलले. ती म्हणाली, गेटवर एन्ट्री आहे ना, मग झालं. म्हणजे आपण आत आहोत एवढंच बघतात का गं?”

नवरात्रात ती माझ्याकडे दोन दिवस राहायला आली, संमतीचा अर्ज देऊन. जेवणाच्या टेबलावर तिने एक कागद काढला. मजल्यावरच्या मुलींनी मिळून लिहिलेला अर्ज होता, रेक्टर मॅडमना आणि प्राचार्यांना. गेटची वेळ दहा करावी, म्हणजे ग्रंथालय बंद झाल्यावर येता येईल. हजेरी रोज घ्यावी, पण नावाने घ्यावी, आणि जी दिसणार नाही तिच्या खोलीपर्यंत कुणीतरी जावं. अशीच हजेरी मुलांच्या वसतिगृहातही सुरू करावी. खाली बेचाळीस सह्या. त्याच्या खाली पालकांच्या सह्यांसाठी रेघा मारलेल्या, त्यातली एकच भरलेली, रत्नागिरीच्या मुलीच्या आईची. ‘मुलांच्या वसतिगृहातही’ हे वाक्य कुणाचं असं मी विचारलं. ती म्हणाली, “माझं. अप्पांनी ती काविळीची गोष्ट सांगितली होती ना तुला, तेव्हा मी वरच्या खिडकीत होते.”

भाऊ त्याच दिवशी कामासाठी पुण्यात आला होता, संध्याकाळच्या गाडीने परत जाणार होता. तिने कागद त्याच्यापुढं ठेवला. त्याने चष्मा लावला आणि नियमांचा कागद वाचला होता तसाच हाही बोट ठेवून वाचला, पहिल्या ओळीपासून. तिसऱ्या मागणीवर बोट थोडा वेळ थांबलं. मग परत पहिल्या ओळीवर गेलं.

“धा लई होतंय. साडेनऊ करा.”

“अप्पा, लायब्ररीच साडेनऊला बंद होते. चालत यायला वीस मिनिटं लागतात.”

“एकटी येतीस?”

“आम्ही सातजणी असतो.”

तो माझ्याकडे बघून काही विचारणार होता, पण विचारलं नाही. खिसा चाचपला आणि म्हणाला, “अक्का, पेन दे.”